काय बघतोस?

पुण्यातल्या वर्तमानपत्रांच्या शहर पानावर एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं. ‘रागाने का बघतोस, असे म्हणत कोयत्याने वार.’ कधी रागाच्या जागी खुन्नस असते. कधी वार डोक्यात असतो, कधी हातावर. ठिकाणं बदलत राहतात : हडपसर, मांजरी, बिबवेवाडी, जनता वसाहत, येरवडा, वारजे. बाकीचा मजकूर बातमीदाराने आधीच जुळवून ठेवला असावा इतका सारखा. फिर्यादी आणि आरोपी एकाच परिसरात राहण्यास आहेत, आरोपींमध्ये दोन विधिसंघर्षग्रस्त बालकांचा, म्हणजे अल्पवयीन मुलांचा, समावेश आहे, पुढील तपास सहायक निरीक्षक करीत आहेत.

मी ही पानं जरा जास्तच वाचते. पर्वतीच्या बाजूला असलेल्या एका शाळेत मी नववी-दहावीला मराठी शिकवते. अल्पवयीन मुलाचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे, ते बरोबरच आहे, पण आमच्याकडे मधली सुट्टी होईपर्यंत ते नाव शिपायापासून सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं. कधी ते आमच्याच माजी विद्यार्थ्याचं निघतं. मग स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतं, ‘सातवीत किती गरीब होता हो!’ आणि चहा येतो.

या कारणांना हसणारे लोक भेटतात. बघितलं म्हणून मारतात का कुणी? मला मात्र ते कारण खरं वाटतं. वस्तीत वाढणाऱ्या पोराच्या दृष्टीने नजर ही हिशोबाची बाब असते. कोण आला की आधी कुणी खाली बघायचं, कुणाच्या गल्लीतून गाडी नेताना हॉर्न दाबायचा नाही, कट्ट्यावर कुणाची जागा कुठली, यावर त्यांचं रोजचं राजकारण चालतं. हे नवं नाही. पूर्वी ही भांडणं शिव्या, बेल्ट, फार तर फरशीच्या तुकड्यापर्यंत जायची. दोघं आठवडाभर सुजलेली तोंडं घेऊन हिंडायचे आणि गणपतीत एकाच मंडळाच्या मांडवात रात्री राखणीला झोपायचे. राग आजही तेवढाच आहे. फक्त आता शर्टाच्या मागून कोयता निघतो, आणि त्यानंतर एका मांडवात झोपण्याचा प्रश्न उरत नाही.

कोयताच का? कारण तो मिळतो. पिस्तुलाला पैसा लागतो, बाहेरचा माणूस लागतो, ते वापरता यावं लागतं. कोयता बोहरी आळीत मिळतो, जुन्या बाजारात मिळतो, कुठल्याही तालुक्याच्या आठवडी बाजारात विळ्या-खुरप्यांच्या शेजारी मांडलेला असतो. नारळ सोलायला, झावळ्या छाटायला, ऊस तोडायला तो लागतोच. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे हत्यारांत धरले आहेत, पण घरकाम, शेती, कारखाना असल्या कामांसाठी घडवलेले सोडून. म्हणजे दुकानात टांगलेला कोयता हे शेतीचं अवजार. तोच रात्री अकरा वाजता दुचाकीच्या डिकीत सापडला की शस्त्र अधिनियमाचं कलम लागतं, जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमातला मनाई आदेशाचा भंग. २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांनी बोहरी आळीतून शंभराहून जास्त कोयते जप्त केले, आणि कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघा, असं विक्रेत्यांना सांगितलं गेलं. आमच्या कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्या मामांना याचा सगळ्यात जास्त ताप झाला. ‘बापाच्या वेळेपासून कोयता हातात आहे,’ ते म्हणाले. ‘आता घरी जाताना पिशवीत घालतो, पिशवी पोत्यात घालतो, आणि चौकीसमोर आलो की गाडीवरून उतरून हातात गाडी धरून चालत जातो. हसत हसत जातो. न हसता गेलं तर संशय येईल.’

‘कोयता गँग’ हे नाव साधारण २०२२ च्या अखेरीस सगळ्यांच्या तोंडी बसलं. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी हडपसर-मांजरीच्या दहशतीचा विषय काढला. त्याच महिन्याच्या अखेरीला सिंहगड लॉ कॉलेजच्या रस्त्यावर दोन पोरं कोयते नाचवत, दिसेल त्याच्यावर धावत सुटली. त्यातल्या एकाला दोन पोलिसांनी पकडून काठीने बडवलं, आणि ती चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. ज्यांनी ती पाहिली नाही असा माणूस माझ्या ओळखीत नाही. पुढे कोयतेवाल्यांना पकडणाऱ्या पोलिसांसाठी बक्षिसं जाहीर झाली. तडीपारी, मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, एमपीडीए या झोपडपट्टीदादांविरुद्धच्या कायद्याखाली स्थानबद्धता, हे शब्द शाळकरी मुलांच्या बोलण्यात व्याकरणासारखे सहज येऊ लागले. एकदा ‘उपसर्ग जोडून शब्द तयार करा’ या प्रश्नाला एका महाभागाने ‘बेमोक्का’ असं उत्तर लिहिलं. मी अर्धा गुण दिला.

नाव गँग असलं तरी ती एक टोळी कधीच नव्हती. नोंदणी नाही, म्होरक्या नाही. चार पोरं, दोन दुचाक्या आणि एक रात्र, एवढ्याने ती तयार होते आणि सकाळी विरून जाते. म्हणूनच ‘गँगचा बंदोबस्त केला’ असं कुणी जाहीर केलं की मला कळत नाही नक्की कुणाचा केला.

या सगळ्यात मला सर्वात विचित्र वाटतं ते गाड्या फोडणं. मध्यरात्री येतात, रस्त्याकडेला लावलेल्या रिक्षा, टेम्पो, दुचाक्या यांच्या काचा फोडत, सीट फाडत, ‘आम्ही इथले भाई आहोत’ असं ओरडत निघून जातात. चोरी नाही, कुणाशी वैर नाही. फुटतात त्या गाड्या कुणाच्या? ज्यांच्या घराला पार्किंग नाही त्यांच्या. सोसायटीच्या तळघरातल्या गाडीला कोयता पोचत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या रिक्षाची पुढची काच अशीच गेली. विमा होता तो त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा, स्वतःच्या काचेसाठी त्यात काही नव्हतं. दोन दिवस धंदा बुडाला, काच उसनवारीवर बसवली. तक्रार दिली का, असं मी विचारलं तर ते म्हणाले, ‘पोरं कुठली ते माहितीये मॅडम. रोज त्यांच्याच घरावरून जातो.’ मग थोड्या वेळाने, ‘आता त्या बाजूला बघत नाही.’

म्हणजे काम झालं होतं. आवाज करायचा तो एवढ्यासाठीच असतो. चाळीस खिडक्यांमागे लोक जागे आहेत, दिवे न लावता ऐकत आहेत, उद्या आपल्याला बघून नजर वळवणार आहेत. दहा रुपये न मिळवता ते पोरगं घरी जाऊन झोपतं आणि सकाळी किराणा दुकानदार त्याला आधी माल देतो. वस्तीतल्या बायका रात्रपाळीहून परतताना लांबचा रस्ता घेतात. क्लासला जाणाऱ्या मुलीला भाऊ सोडायला जातो, भावाला सोडायला बाप. नवरात्रात रात्री उशिरापर्यंत बाहेर बसणारे म्हातारे कडी लावून आत बसतात. या घडामोडींची बातमी होत नाही, कारण कुणाला टाके पडलेले नसतात.

आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या दप्तरात मागच्या वर्षी काही सापडलं नाही, पण सापडेल अशी कुणकुण होती. चांगला वाचणारा मुलगा. आवाज फुटायच्या वयातही कविता मोठ्याने म्हणणारा. सहामाहीनंतर तो शेवटच्या बाकावर गेला, मग दर दोन दिवसांनी गैरहजर. एक दिवस मी त्याला वाचनालयात पुस्तकं लावायला थांबवून घेतलं, आणि पुस्तकं लावता लावता विचारलं, ‘कशाला लागतो रे तुम्हाला तो?’

त्याने ‘काय?’ वगैरे नाटक केलं नाही. ‘मारायला नाय मॅडम. असला की कोण अंगावर येत नाय.’

‘आणि समोरच्याकडे पण असला तर?’

‘मग त्याच्या आधी काढायचा.’

मी पुढे काही बोलले नाही, कारण त्याच्या बाजूने हिशोब बिनचूक होता. सोबत बाळगणाऱ्या प्रत्येकाला समोरच्याकडे असेल याची खात्री असते आणि तशी खात्री असल्यामुळे तोही बाळगतो. हळूहळू बाकीचं कळलं. वस्तीच्या नळकोंडाळ्याजवळ कुणीतरी त्याच्या कानाखाली वाजवली होती. वाजवताना दुसऱ्याने मोबाइल धरला होता, आणि रात्रीपर्यंत ती थप्पड गाणं लावून सगळ्यांच्या इन्स्टाग्रामवर होती. आमच्या काळात दहा जणांनी बघितलेला अपमान महिन्याभरात शिळा व्हायचा. याचा अपमान त्याच्या वर्गातल्या मुलींनी बघितला, आतेभावाने साताऱ्यात बघितला, आणि तो रोज नव्याने कुणीतरी बघतच होतं. वडील कंपनीच्या बसवर चालक, सकाळी पाचला बाहेर. आई चार घरची धुणीभांडी करून दुपारी तीनला टेकते. त्याला सांगायला घरात कुणी नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण सांगितल्यावर आई काय करणार होती?

भाई मात्र काहीतरी करतो. तेवीस-चोवीस वर्षांचा असतो, गळ्यात जाड साखळी, वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात. तो पोराला गाडी फिरवायला देतो, पेट्रोल टाकतो, बिर्याणी खाऊ घालतो, ‘कुणी काय बोललं तर माझं नाव सांग’ म्हणतो. तलवारीने केक कापताना पहिला तुकडा त्याला भरवतो. आणि वेळ आली की सांगतो, ‘तुला काय होत नाय, तू अजून बालक आहेस.’ हे वाक्य मी इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलं आहे की ते कुठल्यातरी शाळेत शिकवत असावेत.

ते अर्धवट खरं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून त्याला प्रौढासारखं चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. हे भाई सांगत नाही. त्याच कायद्याच्या कलम ८३ मध्ये मुलांना बेकायदा कामाला जुंपणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे, तेही तो सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ९५ आहे : गुन्ह्यासाठी मुलाला वापरलं तर किमान तीन आणि कमाल दहा वर्षं. पोरांच्या वयाची मर्यादा चौदावर आणा म्हणणारे खूप भेटतात. भाईवर कलम ९५ लागल्याची बातमी मी वाचायला बसले तर क्वचित सापडते.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं, आणि सतरा वर्षांच्या चालकाला आधी जामीन मिळाला तो तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह. जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा मी निबंधाचा तास घ्यायला वर्गात गेले. फळ्यावर कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं : ‘विषय – माझा जामीन. शब्दमर्यादा ३००.’ सगळा वर्ग हसत होता. मी पुसलं नाही, बाजूला विषय लिहिला. पुढच्या कित्येक महिन्यांत मी कायद्यापुढे सगळे समान वगैरे बोलायचं टाळलं. त्या वर्गाने ते ऐकून घेतलं असतं, मलाच ते बोलता आलं नसतं.

पकडलेल्या आरोपींची ज्या भागात गाड्या फोडल्या तिथेच धिंड काढायची, ही पद्धत पुण्यात लोकप्रिय आहे. लंगडत चालणारे तरुण, हात जोडलेले, मागे पोलीस, खिडक्यांतून टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्याची काच फुटली त्याला तेवढं तरी मिळावं असं वाटणं साहजिक आहे. पण त्या चित्रफितीला लावलेलं संगीत आणि भाईच्या वाढदिवसाच्या चित्रफितीचं संगीत माझ्या कानाला वेगळं लागत नाही. धिंड निघालेल्या एका पोराचं ते दृश्य पंधरा दिवसांनी त्याच्याच स्टेटसला होतं, सिंहाच्या चित्रासकट. आपण त्याला खाली मान घालायला लावली असं आपल्याला वाटलं. त्याला मिळाले ते आणखी बघणारे.

ससूनमध्ये काम केलेल्या एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितलेली गोष्ट मला खुनांच्या आकड्यांपेक्षा जास्त दिवस पुरली. कोयत्याच्या जखमा बहुतेक हातांवर असतात, तळवा आणि मनगटाच्या वर, कारण माणूस वार आला की हात आडवा धरतो. जीव वाचतो. हाताच्या शिरा, स्नायूंची टोकं जोडतात, पण बोटं पूर्वीसारखी मिटत नाहीत. आणि हे हात गॅरेजमध्ये पाना फिरवणाऱ्या, फरशी बसवणाऱ्या, हमाली करणाऱ्या मुलांचे असतात. बातमीत तो ‘किरकोळ जखमी’ असतो. विशीत त्याचा धंदा बदलतो, नाहीतर संपतो. वार करणारा येरवड्याच्या निरीक्षणगृहातून बाहेर येतो तेव्हा हा त्याच गल्लीत डाव्या हाताने पाना फिरवायला शिकत असतो, आणि दोघांनाही एकमेकांकडे बघणं भाग असतं.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचं उदाहरण मी इथे थोडं सविस्तर देते, कारण तिथला पेच आमच्या वाचनालयात झालेल्या बोलण्यासारखाच होता. तिथेही पोरं चाकू बाळगायची ती दुसऱ्याकडे असतो म्हणून. ग्लासगो युरोपातलं सर्वात खुनी शहर म्हणून ओळखलं जाऊ लागलं होतं. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी एक वेगळं पथक काढलं. जॉन कार्नोकन नावाचे गुन्हे तपासात मुरलेले अधिकारी आणि कॅरिन मॅक्लस्की या गुन्ह्यांच्या विश्लेषक ही त्यामागची माणसं. हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायचं, हे त्यांनी ठरवलं : कुठून लागण होते, पुढची कुणाला होईल. २००८ मध्ये त्यांनी टोळ्यांतल्या पोरांना शहराच्या न्यायालयात बोलावलं, शिक्षेसाठी नव्हे. न्यायाधीश समोर, आणि एकामागून एक माणसं उठून बोलत होती. पोलीस म्हणाले, तुम्ही कोण आहात ते आम्हाला माहीत आहे, पुढचा वार कुणी एकाने केला तरी सगळी टोळी उचलू. शल्यचिकित्सकाने जखमा कशा असतात ते सांगितलं. मुलगा गमावलेली आई बोलली. शेवटी एक फोन नंबर दिला : यातून बाहेर यायचं असेल तर शिक्षण, काम, समुपदेशन, जे लागेल त्यासाठी इथे फोन करा. पुढे २०१५ पासून रुग्णालयाच्या अपघात विभागातही माणसं नेमली, टाके पडत असतानाच जखमी पोराशी बोलायला, कारण सूड घ्यायचं ठरतं ते बऱ्याचदा त्याच खाटेवर. चाकू बाळगण्याची शिक्षाही त्याच काळात वाढवली गेली होती. दोन्ही सोबत चाललं. पुढच्या वर्षांत तिथले खून आणि चाकूहल्ले खूपच कमी झाले. लंडनने २०१९ मध्ये हीच पद्धत उचलली, पण पुढची काही वर्षं लंडनची गोष्ट तेवढी गोड नव्हती.

मला त्यातला फोन नंबर सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्या पोराला भाईचा नंबर पाठ आहे. दुसरा कुठला पाठ असावा?

बघण्याबद्दल आणखी दोन घटना सांगायच्या आहेत. २७ जून २०२३, सदाशिव पेठ. सकाळच्या वेळी एका तरुणीवर तिच्या ओळखीचा मुलगा कोयता घेऊन धावला. ती रक्तबंबाळ होऊन पळत होती, रस्ता वाहता होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणाने मध्ये पडून तो कोयता धरला, आणखी एक जण धावला, मुलगी वाचली. ७ जानेवारी २०२५, येरवडा. एका कंपनीच्या वाहनतळावर सहकाऱ्याने पैशांच्या वादातून एका तरुणीवर सुऱ्याने वार केले. तो तिशीतला होता, पोर नव्हता. भोवती माणसं उभी होती, चित्रण चालू होतं. त्याने सुरा टाकल्यावर सगळे त्याच्यावर तुटून पडले. तरुणी वाचली नाही.

येरवड्याच्या त्या गर्दीला शिव्या देणं सोपं होतं आणि आम्ही सगळ्यांनी त्या दिल्या. पण मी रिक्षावाल्या काकांचा विचार करत राहिले. न बघण्याचा सराव ज्यांनी रोज केला आहे त्यांच्याकडून ऐनवेळी एकदम वेगळं काही निघेल, ही अपेक्षा मला फार भाबडी वाटते. सदाशिव पेठेतला तो तरुण विरळा होता, आणि त्याचा सत्कार करताना आपण सगळ्यांनी जणू उरलेल्यांना सुटीच देऊन टाकली.

माझा विद्यार्थी दहावीला बसला. मी काही केलं म्हणून नाही. त्याच्या मामाने त्याला चार महिने चाकणला नेऊन ठेवलं, तिथे गल्ली वेगळी होती, कुणाशी आधीची ठसन नव्हती. तेवढ्याने पुरलं. प्रत्येकाला चाकणचा मामा नसतो, म्हणून आम्ही तिघा-चौघा शिक्षकांनी शाळेचं मैदान रात्री नऊपर्यंत उघडं ठेवायची परवानगी मागितली. कबड्डीची मॅट पडून होती, ती झटकली. चौकीतले एक हवालदार स्वतः पूर्वी खेळायचे, ते आठवड्यातून दोनदा साध्या कपड्यांत येतात आणि पोरांना चढाई करताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायला शिकवतात. ‘खाली बघितलंस की गेलास,’ असं ते मोठ्याने ओरडतात, आणि मला दर वेळी हसू येतं. दोन वस्त्यांची पोरं येतात. पहिल्या महिन्यात एकदा बाचाबाची झाली, शर्ट फाटले, त्यापलीकडे काही नाही. समोरच्या सोसायटीने आवाजाची तक्रार केली आहे, आणि संस्थेने मैदानावरच्या दोन हॅलोजनचं बिल कुणी भरायचं असं लेखी विचारलं आहे. या महिन्याचं आम्ही वर्गणी काढून भरलं. पुढच्या महिन्यासाठी सोसायटीच्या अध्यक्षांनाच भेटायला जायचं ठरलं आहे. रिक्षावाले काका सोबत येतो म्हणालेत.